रेवतीताईंचा मौनाचा महिना

कळमनुरीजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात रेवतीताई बावीस वर्षं नर्स आहेत. कामाचा उरक दांडगा, आवाज खणखणीत. रुग्णाला प्रश्न विचारतानाच त्यांचा हात पुढच्या कागदाकडे गेलेला असायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा घसा बसला तो बसलाच. नांदेडला स्वरयंत्राचं छोटं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. रजा पंधरा दिवसांत संपली आणि ताई तशाच कामावर आल्या.

पाटीवर लिहून दाखवावं, तर म्हाताऱ्या बायांना वाचता येत नव्हतं. मग हात बोलायला लागले. घास तोंडाशी नेऊन गाल तळहातावर टेकवला, की बाया समजायच्या, गोळी जेवून झोपताना घ्यायची. समोरचीचं उत्तर कळावं म्हणून तिच्या तोंडाकडे बघत बसावं लागायचं. कागद आपोआप बाजूला राहिले.

तिसऱ्या दिवशी रुख्मिणीबाई बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या. "बरं हाय बाई, काई न्हाई," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्या दिवशी ताई त्यांच्या शेजारी बसल्या, मनगटावर हात ठेवला आणि भुवया उंचावून नुसत्या बघत राहिल्या. रुख्मिणीबाईंनी मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. एरवी ताईंनी "पुढं कोण?" म्हणून हाक मारली असती. आता त्यांनी उठून दार लोटलं आणि परत येऊन बसल्या.

बऱ्याच वेळानं रुख्मिणीबाईंनी ताईंचा हात धरून आपल्या काखेजवळ नेला. बोराएवढी कडक गाठ होती.

कधीपासून? ताईंनी हातानंच विचारलं.

"पोळ्यापासून. दुखत न्हाई, म्हून बोलले न्हाई. अन् तुमी लई घाईत राहता, बाई."

ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतःकडे बोट केलं, मग रस्त्याकडे. मी सोबत येते.

तपासणीत कर्करोग निघाला, पण वेळेत. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार सात महिने चालले.

यंदा रुख्मिणीबाई हळद काढायला स्वतः शेतात गेल्या. तिथून तशाच मातीच्या हातांनी उपकेंद्रात आल्या.

"तुमच्यामुळं हे दिवस दिसले," त्या म्हणाल्या.

ताईंचा आवाज कधीच परत आला होता. "न्हाई हो. मी इतकी वर्षं घाईत, तरी तुमी मला सांगितलं, हेच माझ्यावर उपकार," एवढंच बोलून त्या पाया पडायला वाकल्या.

रुख्मिणीबाईंनी त्यांना मधेच धरलं, दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.