पुढची नळी, मागची नळी

अप्पांच्या घशात काय बिघडलंय हे कळायला मला नऊ दिवस लागले. त्यातले चार हाडांवर गेले.

अप्पा म्हणजे माझे वडील. भातमळणीच्या दिवसांत खळ्यावर पडले. अर्धांग. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. बेळगावच्या इस्पितळातून सोडताना नर्सनं सांगितलं, बसवून द्या, थोडं थोडं द्या, पाणी फुप्फुसात जाऊ देऊ नका. मी मान हलवली. वर्तमानपत्रात बारा वर्षं इतरांचा मजकूर तपासल्यावर, वाक्य कळलं म्हणजे गोष्ट कळली असं वाटायला लागतं. घरी आल्यावर पंधरा दिवसांत अप्पांना न्यूमोनिया झाला. पुन्हा बेळगाव. डॉक्टर म्हणाले, परत झाला तर हे शरीर पेलणार नाही.

का झाला, हे कोणी सांगू शकलं नाही. गिळायला शिकवणारं माणूस आमच्या तालुक्यात मला सापडलं नाही. त्याच नर्सनं माझ्या फोनवर धड्यांची एक मालिका काढून दिली. शरीररचना, मराठीत, नर्सिंगच्या मुलींसाठी, एकेक धडा सहा-सात मिनिटांचा. पडद्यावर फक्त शिकवणारीचा हात आणि खडू. "रोज थोडं बघा, ताई," नर्स म्हणाली.

आमचं गाव उळवीच्या रस्त्याला. तिथं फोन लागत नाही. सकाळच्या बसनं तालुक्याला, जोयड्याला जायचं, एका दुकानाच्या पायरीवर बसून दोन धडे फोनवर उतरवून घ्यायचे, दुपारी जीपनं परत. मी पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. कवटी, मणके, बरगड्या, पाऊल. मग स्नायू, मग हृदय. खोकला छातीतून येत होता, म्हणून बिघाड छातीत असणार अशी माझी समजूत होती. घशाचा धडा सतरावा होता.

तो मी पायरीवरच बघितला. पडद्यावरच्या हातानं खडूनं दोन नळ्या काढल्या. पुढची श्वासाची, मागची अन्नाची. गिळताना कंठमणी वर उचलला जातो आणि पुढच्या नळीवर एक झाकण पडतं. अर्धांगात हे झाकण उशिरा पडू शकतं. मग एक वाक्य आलं: मान मागे टाकली की पुढची नळी उघडी पडते, म्हणून असा रुग्ण हनुवटी खाली घेऊन गिळतो.

मी धडा पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला.

आमच्या घरात भांड्याला ओठ लावत नाहीत. मान मागे टाकायची, तोंड उघडायचं, वरून धार सोडायची. ओठ लागला की भांडं उष्टं. इस्पितळात चमचा होता. घरी आल्यापासून मी अप्पांना भिंतीला टेकून बसवत होते, त्यांची मान माझ्या हातानं मागे धरत होते आणि तांब्यातून धार सोडत होते. दिवसातून सात-आठ वेळा. नर्सला विचारायचं सुचलं नव्हतं, मला सांगायचं सुचलं नव्हतं. पाणी कसं पितात हे दोघींनाही माहीत होतं.

मी घरी नसताना दुपारचं पाणी आत्या द्यायची. ती अप्पांची थोरली बहीण. मी पायरीवरून उठले तेव्हा अकरा वाजले होते.

उळवीची जत्रा होती. प्रत्येक जीप यात्रेकरूंनी भरलेली. तीन गेल्या, चौथीच्या मागच्या फळीवर उभी राहिले. शेजारच्या म्हातारीला वाटलं मी जत्रेला निघालेय; तिनं माझ्या कपाळाला विभूती लावली.

घरात शिरतानाच विचारलं, "आत्या, पानी दिलंस?"

"मग काय वाळत ठेवू त्याला? तांब्याभर प्याला. खोकला लई, पर त्ये रोजचंच हाय."

मी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून तिला दोन नळ्या दाखवल्या.

"साठ-पासष्ट वर्सं वरनंच पितोय त्यो. तवा कुठं गेल्त्या तुज्या नळ्या?"

"तवा झाकण चालत होतं."

मी पेला भरून अप्पांच्या ओठांजवळ नेला. त्यांनी तोंड फिरवलं.

"उष्टं," म्हणाले. आजारपणातला त्यांचा सगळ्यात स्पष्ट शब्द.

"पेला तुमचाच, अप्पा. दुसरं कोन वापरनार न्हाई."

"न्हाई."

मी विनवलं. मग ओरडले. वडिलांवर ओरडण्याची ती पहिली वेळ. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. ओठ मिटलेलेच.

आत्यानं आपला तांब्या उचलला, थेट तोंडाला लावला आणि आवाज करत प्यायली. सत्तरी ओलांडलेली बाई. तांब्या अप्पांपुढे आदळला.

"झालं. मी बाटले. आता तू कसला शुद्ध ऱ्हातोयस? पी, भाड्या."

अप्पा अर्ध्या तोंडानं हसले. मी त्यांची हनुवटी खाली घेतली, पेला लावला, कंठमण्यावर बोट ठेवलं. तो वर गेला, खाली आला. खोकला नाही. आणखी एक घोट. नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग तापलं होतं. छातीत पेज रटरटावी तसा आवाज. कारण आदल्या दिवसाचा तांब्या, किंवा त्याआधीचे सगळे. धड्यांत हे वेगळं काढायची रीत नव्हती.

बेळगावला न्यायला जीप मिळेपर्यंत नऊ वाजले. समोरून जत्रेच्या गाड्या येत होत्या, आमची उलट्या दिशेला. जोयडा मागे पडल्यावर अप्पांनी डावा हात उचलला. पाणी. ड्रायव्हरनं बाटली पुढे केली.

"तोंड वर करा काका, ताई वततील."

"गाडी थांबवा," मी म्हटलं.

पिशवीतून पेला काढेपर्यंत अप्पांनी हनुवटी छातीला टेकवली होती. कोणी न सांगता. मी बोट ठेवलं. कंठमणी वर गेला, खाली आला. खोकला नाही.

छातीतला आवाज तसाच होता. बेळगावच्या वाटेवरचं रामनगरसुद्धा अजून यायचं होतं.