अकरावं बोट

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला सगळे चिमटी म्हणत. तिच्या डाव्या हाताला जन्मापासून दोनच बोटं. ती पोटात असताना आईला फिट येत म्हणून गोळ्या चालू होत्या, त्यांचाच हा परिणाम. त्याचं खापर आई स्वतःच्याच माथी फोडत आली; तो हात दिसला की तिचे डोळे भरत.

चिमटीला मुलगी झाली, तेव्हा आईने घाईघाईने दुपटं सोडून नातीची बोटं मोजली आणि किंचाळली, "अगं बाई, अकरा!"

नर्स धावत आली. बाळाच्या मुठीत चिमटीच्या डाव्या हाताचं बोट होतं. आईने तेही मोजलं होतं.

"अगं आई, ते माझं! दोनच आहेत, त्यातलंही नातीला देतेस होय?"

त्या हाताकडे बघून आई पहिल्यांदाच पोट धरून हसली.