होंकबालकाकांची सकाळ

काकांचं बेसबॉलवर जिवापाड प्रेम होतं, पण चालू सामना बघायची त्यांची हिंमत नव्हती. "आपला गडी चुकेल की काय, या विचारानंच छातीत धडधडतं," असं ते म्हणत. अमेरिकेतला सामना संपायचा तेव्हा इथे नेदरलँड्समधल्या आल्मेरेत सगळे झोपेत असायचे. काका सकाळी चहा घेताना निकाल वाचायचे आणि मगच धीर करून तो सामना बघायचे. डच लोक या खेळाला होंकबाल म्हणतात, म्हणून आमच्या इमारतीतल्या मराठी घरांत त्यांचं नाव होंकबालकाका.

बायको गेल्यावर ते आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहत. रोज सकाळी ग्रुपवर त्यांचा मेसेज यायचा. आधी सामना, मग थोडा इतिहास, शेवटी एखादं जुनं डच चित्र. त्या चित्रांतला निळा रंग अफगाणिस्तानातल्या दगडापासून करत, हे मला त्यांच्यामुळे कळलं. मी नवऱ्यामागून इथे नवीन आले, तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, 'आपण राहतो तो पाणी उपसून कोरडा केलेला समुद्राचा तळ आहे. इथल्या शेतांखाली बुडालेली जहाजं सापडतात.' त्यानंतर पाऊस वाढला की मी खिडकीतून कालव्याचं पाणी बघत बसायचे. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "घाबर, पण नीट माहिती काढून घाबर."

एका सकाळी मेसेज आला, 'काल पिचरने लिंबू निळा लिंबू समुद्र टाकला.' ग्रुपवर हसरे चेहरे उमटले. कुणीतरी विचारलं, 'काका, आज कविता का?' मी मात्र तो मेसेज पुन्हा वाचला. काका एक वेलांटीही चुकू देत नसत.

मी धावत वर गेले. दार उघडायला त्यांना फार वेळ लागला. तोंड एका बाजूला ओघळलं होतं, आणि काही केल्या शब्द फुटत नव्हता. त्यांना खुर्चीत बसवून मी ११२ला फोन लावला. शिकलेलं सगळं डच डोक्यातून पळालं. इंग्रजीत कसंबसं सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, त्यांना दोन्ही हात वर करायला सांगा. उजवा हात मांडीवरून हललाच नाही. डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांच्या डोळ्यांतली भीती मला बघवेना.

सायरन ऐकू आला. इमारतीचं दार वरून उघडायचं बटण बिघडलेलं होतं. "काका, आलेच," म्हणत मी त्यांचं एकेक बोट सोडवलं आणि खाली पळाले.

ते वाचले. बोलायला मात्र पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. पुण्याला बहिणीकडे कायमचे जायला निघाले, त्याच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले. ते एकेक शब्द शोधत म्हणाले, "तू हात सोडवलास ना, तेव्हा वाटलं, संपलं. आता एकट्यानंच जायचं. मग जिन्यात तुझी पावलं ऐकू आली."

"मी रडत होते काका, जिना चढताना. वर काय बघावं लागेल, या भीतीनं."

"तेही," काका म्हणाले, "ऐकू येत होतं."