उखानं घासलेलं नळकांडं

धानोऱ्याच्या उखाला अजून कळलेलं नाही, आपलं चुकलं कुठं.

अठ्ठावन्न साली पितांबरभाई इंजिनेरांनी गावाबाहेरच्या बरडावर अग्निबाणाचं इंजिन तपासलं. दगडी भिंतीसमोर आवळून पेटवायचं. उडायचं काहीच नाही, नुसता जाळ नि गर्जना. म्हशी दावी तोडायच्या. मग काम बंद पडलं. जाताना त्यांनी ज्यात जाळ पेटायचा, ते इंजिनाचं जाड पोलादी नळकांडं राखणदार उखाच्या हवाली केलं. "पहिलंवहिलं आहे, जप. मी न्यायला येईन." उखानं शब्द दिला.

आणि जपलं की! भंगारवाल्या रूपचंदला दोनदा हाकललं. दर खंडेनवमीला नांगराच्या फाळासोबत नळकांडंही अंगणात निघायचं. राख, चिंच, विटेचा चुरा; आतून-बाहेरून घासायचं, एरंडेल चोळायचं, झेंडू वाहायचा.

बायको सरलाबाई म्हणायची, "मन्हा हंड्याले कधी हात लावा नहीं, नि याले पोऱ्यासारखं तेल लाई ऱ्हायनात!"

पासष्टला पितांबरभाई आले. जुन्या चाचण्यांच्या वस्तूंचं दालन उभं राहत होतं. उखानं ऐटीत गोणपाट काढलं. नळकांडं लखलखलं.

पितांबरभाईंनी आत बोट फिरवलं. बोट कोरडं, स्वच्छ.

"काजळी कुठं गेली, उखा?"

"घासी टाकी ना, भाऊसाहेब! दरसाल."

"अरे, जाळ कुठं कसा लागला, ते त्या काजळीतच होतं!"

"तुम्हीच सांगं ना, जप म्हनीसन? लोखंडले गंज चढस."

पितांबरभाई ओट्यावर बसले. सरलाबाईनं पाणी दिलं. "काजळीच पाहिजे तं ती भिंत देखा ना. मी तठे गोवऱ्या थापस. पन काया डागवर गोवरी धरसच नहीं."

उखा ओशाळला. त्या डागाला तो दिवाळीत चुना फासणार होता.

पितांबरभाई मात्र धावले. गोवऱ्यांच्या मधोमध जाळाचा काळा पंखा तसाच होता. त्यांनी ते दगड अलगद काढवले, कापसात गुंडाळून गाडीत ठेवले.

"आनि हाई?" उखानं नळकांडं पुढं केलं.

"राहू दे तुझ्याकडंच."

पुढच्या खंडेनवमीला उखानं फाळ घासला, कोयता घासला. नळकांडं समोर घेऊन मूठभर राख धरून बसला.

"घासा ना," सरलाबाई म्हणाली, "आते कोन इचारस?"

"पन जपानं म्हंजे घासानं, का नहीं घासानं?"

"माले काय इचारतस? मी तं गोवऱ्या थापस."

उखानं झेंडू तेवढा वाहिला. राखेची मूठ मात्र सुटेना.