गाडी थांबली नाही

बाहेरगावाहून कोणीही आमच्या ऑफिसात आलं, की खंडेराव भोइटे त्याला आधी एकच प्रश्न विचारत, "रस्त्यात पाणी कुठं प्यालात?" माणूस कंत्राटदार असो, शिपाई असो की एखादा पुढारी. तो आठवून आठवून सांगे: अमक्या गावच्या विहिरीवर, तमक्या चौकीत. "गोड की मचूळ?" एवढं विचारून झालं, की मगच भोइटेकाका त्याच्याकडे खुर्ची सरकवत. चंबळच्या काठचा सगळा मुलूख असा पाण्यापाण्यानं त्यांच्या डोक्यात बसला होता.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. वडील गेले, घरात आई आणि दोन धाकट्या बहिणी, म्हणून ग्वाल्हेरला फूलबागेजवळच्या रस्ते खात्याच्या ऑफिसात हिंदी टायपिस्ट लागले. सबंध ऑफिसात बाई मी एकटीच. पहिल्या दिवशी कुठं बसावं तेच कळेना. तेव्हा भोइटेकाका उठून आले, स्वतःचं टेबल खिडकीपासून ओढून बाजूला घेतलं आणि म्हणाले, "इथं बस बेटा. उजेड तुला जास्त लागेल. मला काय, मी तर आधा दिवस बाहेरच असतो."

काका ओव्हरसियर होते. पूर्वज दख्खनेतून घोड्यावर आलेले, काका सायकलवर. "एकाच खुर्चीत बसून मी तीन राज्यांची नोकरी केली," असं ते म्हणत. आधी ग्वाल्हेर संस्थान, मग मध्य भारत, मग मध्य प्रदेश. दर वेळी वरच्या कागदावरचं नाव बदललं, रस्ते तेच राहिले. शेवटच्या बदलात मात्र सगळ्या जुन्या राज्यांतल्या नोकरांची मिळून एक ज्येष्ठता यादी निघाली. संस्थानातला ओव्हरसियर म्हणजे नक्की कोण, हे भोपाळला कोणाला उमगलं नाही, आणि काकांच्या डोक्यावर त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान माणसं येऊन बसली. यादी मीच टाइप केली होती. काकांनी ती वाचली आणि म्हणाले, "नंबर खाली गेला तर जाऊ दे. खड्डे कुठं आहेत ते यादीला थोडंच मालूम आहे?" ते हसले. मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी हुकूम आला, की भोपाळहून मोठे इंजिनियरसाहेब पाहणीला येणार. पाच दिवसांचा जीपचा दौरा, चंबळच्या बीहडांतून शिवपुरीच्या जंगलापर्यंत. दौरा आखायचं काम काकांकडे आलं.

बीहड म्हणजे नदीकाठच्या मातीच्या घळींचा मुलूख. झाड नाही, सावली नाही, नुसत्या पिवळ्या भिंती आणि त्यांच्यामधून वळणारी वाट. दर पावसात घळी माती कापत पुढं सरकतात आणि शेतं, वाटा, घरं पोटात घेतात. काका तीन आठवडे आधी निघाले. पडावच्या अड्ड्यावरून मोटार पकडायची, टपावर सायकल टाकायची, फाट्यावर उतरायचं आणि पुढं एकट्यानं जायचं. परत आले की माझ्या टेबलाशी उभं राहून सांगत आणि मी टाइप करत असे. पहिल्या दिवशी मुरैना आणि नदीचा घाट. जीप अकराच्या आत सावलीत. दुसऱ्या दिवशी बीहडांतून सबलगड. तिसऱ्या दिवशी श्योपूर. मधल्या चौदा मैलांत पाणी नाही, दोन पखाली भरून घ्याव्यात. चौथ्या दिवशी शिवपुरी. कुठं रेती आहे, कुठं चाकातली हवा कमी करायची, कोणत्या डाकबंगल्याचा खानसामा आजारी आहे, सगळं होतं त्यात.

"काका, जंगल शेवटी का ठेवलंत?" मी विचारलं. "साहेबांना तेच बघायचंय म्हणतात."

"म्हणून तर शेवटी. आधी जंगल बघितलं, की बीहडात कोण येतं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "दुसऱ्या दिवसाचं नीट लिही बेटा. जगनपुरा. थांबा एक तास."

जगनपुऱ्याला एक शाळा होती. तिच्या मागून एक घळ पुढं सरकत होती. काका दर वर्षी पावसाळ्यानंतर जाऊन भिंतीपासून कड्यापर्यंत पावलं मोजत. चाळीस होती, मग अठ्ठावीस झाली, आता बारा उरली होती. तीन वर्षं ते बंधाऱ्यासाठी लिहीत होते. एका अर्जाचं उत्तर आलं, की मध्य भारत सरकार आता अस्तित्वात नाही, तरी नव्यानं अर्ज करावा. "सरकार अस्तित्वात नाही, पण घळ आहे ना!" काका त्या दिवशी पहिल्यांदा ओरडले होते. पाच दिवसांचा सगळा दौरा त्यांनी आखला होता तो या एका तासासाठी.

दौऱ्यात काय झालं ते मला ड्रायव्हर रमजानभाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजताच ऊन चढलं. साहेब वैतागले होते, रुमाल ओला करून डोक्यावर धरत होते. जगनपुऱ्याच्या फाट्यावर मास्तर शाळेची पोरं घेऊन उभे होते, बायका पाण्याच्या कळश्या घेऊन. काकांनी मागून सांगितलं, "रमजान, रोको." साहेब म्हणाले, "चलते रहो. सीधे शिवपुरी निकलेंगे."

"साहेब, लोक सकाळपासून उभे आहेत," काका हिंदीत म्हणाले. "बारा पावलं राहिलीयत. फक्त बघा."

"काग़ज़ पर तो सब है न, भोइटेजी? फिर देखना क्या!"

जीप पोरांच्या अंगावर धूळ उडवत पुढं गेली. अर्ध्या मैलावर वळणाला वेग कमी झाला, तसे काका मागून खाली उतरले. साहेबांनी थांबवायला सांगितलं नाही. काका उन्हातून चालत मागं गेले, आणि रमजानभाई म्हणाले, "बिटिया, मैंने शीशे में देखा, वो उन बच्चों के आगे हाथ जोड़े खड़े थे." बावीस वर्षं नोकरी केलेला माणूस, ज्यानं काहीही चूक केली नव्हती, तो हात जोडून उभा होता, आणि ज्याला लाज वाटायला हवी होती तो शिवपुरीला सांबर बघत होता.

आठवड्यानं साहेबांच्या अहवालाचा मसुदा आला. हेडक्लार्क तोंडानं सांगत होते, मी टाइप करत होते: 'जगनपुरा येथील शाळेची प्रत्यक्ष पाहणी केली. तूर्त धोका दिसत नाही.' माझी बोटं थांबली. हेडक्लार्क म्हणाले, "क्या हुआ? आगे चलिए." मी पुढं गेले.

अहवालाखाली काकांची सही हवी होती. त्यांनी वाचला, दौत पुढं ओढली आणि त्या ओळीशेजारी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'पाहणी झालेली नाही. गाडी थांबली नाही.' त्याखाली सही केली.

तासाभरात तो कागद वरच्या हुकमासह माझ्याकडे परत आला. दुसरा टाइप करायचा, सहीसाठी नाव दुसऱ्याचं घालायचं आणि हा फाडून टाकायचा. मी आईचा विचार केला, बहिणींचा केला. कागद टाइप केला, आधीचा फाडला. काका समोर बसले होते. संध्याकाळी निघताना त्यांनी नवा कागद उचलून पाहिला. "सुंदर टायपिंग आहे बेटा," ते म्हणाले. "एक चूक नाही." त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच मला ते सहन झालं नाही.

भाद्रपदात शाळेची मागची भिंत घळीत गेली, आणि तिच्यासोबत निम्मं छप्पर. रविवार होता, म्हणून पोरं वाचली. चौकशी लागली, आणि प्रश्न काय विचारला गेला? स्थानिक ओव्हरसियरनं धोक्याची सूचना का दिली नाही!

त्या दिवशी मला जे झालं त्याला राग हा शब्द पुरत नाही. मी न बोलावता चौकशीच्या खोलीत गेले. "त्यांनी सूचना दिली होती. अहवालावर लिहून दिली होती. तो कागद मी फाडला."

अधिकाऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं. "आप टाइपिस्ट हैं या गवाह?"

"दोनों," मी म्हणाले.

"सबूत?"

सबूत मीच फाडला होता, आणि काकांचे जुने अर्ज संपलेल्या राज्याच्या दप्तरात कुठंतरी पडले होते. तरीही मी बोलले ते त्यांना लिहून घ्यावं लागलं, कारण लिहून घेईपर्यंत मी तिथून हलले नाही. काकांची नोकरी वाचली. बदली मात्र झाली, सरगुज्याला, जिथं पोचायला तीन गाड्या बदलाव्या लागत. राज्य मोठं झाल्याचा हा पहिला फायदा: नको असलेला माणूस फेकायला लांबची जागा मिळाली. मला रेकॉर्डच्या खोलीत बसवलं. तिथं खिडकी नव्हती.

काकांच्या थाटीपुरच्या क्वार्टरवर मी माफी मागायला गेले. सामान बांधून झालं होतं. काकांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. "तू बोललीस ना त्यांच्या तोंडावर? मग पुरे. पहिल्या वेळी घाबरलीस, माणूस घाबरतो. दुसऱ्या वेळी जो बोलतो तो कामाचा." मग काकूंना हाक मारली, "अगं, हिला चहा दे. उभ्यानंच रडतेय."

ते सरगुज्यालाच वारले, चार वर्षांनी, नोकरीत असतानाच. तारेनं कळलं.

पुढं खूप वर्षांनी, मी हेडक्लार्क झाल्यावर, कामानं जगनपुऱ्याला गेले. घळ जिथं होती तिथंच थांबलेली होती. तिच्या तोंडाशी लांबलचक मातीचा बंधारा, वर बाभळी, आणि अलीकडे नवी शाळा. एका म्हाताऱ्याला विचारलं, हा कोणत्या सरकारी योजनेत झाला?

"सरकारी?" तो चिडलाच. "जे हमने खोदो है, सबने मिलके. लकीर भोइटे साब ने डारी. बदली पे जाने से पहले दो महीना इतै रहे, वे और उनकी घरवारी."

दोन महिने! साठवलेली सगळी रजा काकांनी त्या बंधाऱ्याची रेघ आखण्यात घातली होती. आम्हाला वाटलं होतं, ते थेट सरगुज्याला गेले.

ग्वाल्हेरला परतल्यावर मी खात्याला पत्र लिहिलं, की त्या बंधाऱ्यावर खंडेराव भोइटे यांच्या नावाची एक पाटी लावावी. उत्तर पाच महिन्यांनी आलं, एका ओळीचं: 'जगनपुरा येथे असा कोणताही बंधारा या कार्यालयाच्या नोंदीत नाही.'

मी दुसरं पत्र लिहिलं. मग तिसरं. आता निवृत्त झाले, तरी दर वर्षी पावसाळ्याआधी एक लिहिते, स्वतः टाइप करून.