वीसपैकी चौदा, लाल पेनाने

माझ्या अब्रूला गेलेला पहिला तडा रद्दीच्या गठ्ठ्यात सापडला.

आमच्या जळगावच्या कॉलनीत दोन घरांत मिळून एक पेपर येतो. नऊपर्यंत तो माझ्याकडे, नंतर शेजारच्या नानांकडे, आणि संध्याकाळी रद्दी म्हणून परत माझ्याकडे. (रद्दीवर हक्क माझा, कारण नवा असताना कोडं मी सोडवतो. हा न्याय मीच ठरवला आहे.) रोजचं शब्दकोडं मी बॉलपेनने सोडवतो. पेन्सिल वापरणं मला भित्रेपणाचं वाटतं. कॉलनीत मला 'कोडेवाले भाऊ' म्हणतात आणि यंदा कोजागिरीच्या स्पर्धेचं कोडं तयार करायचा मान मलाच मिळाला होता.

त्याच आठवड्यात रद्दी रचताना एका कोड्यावर नजर गेली. माझ्या सहा उत्तरांवर लाल फुल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, १४/२०.

मी घाईघाईने आठवडाभराचे पेपर उपसले. १२/२०. १३/२०. सोमवारी तर 'बैलाच्या गळ्यातला दागिना, पाच अक्षरी' इथे मी ठोकून 'मंगळसूत्र' लिहिलं होतं. शेजारी लाल अक्षरांत होतं, 'घुंगुरमाळ. बैलाचे लग्न कधी झाले?'

घरातलं कोणी असेल का? बायकोला मी रोज "आज सगळं बरोबर" असं सांगत आलो होतो, त्यामुळे तिला विचारायची सोय नव्हती. पेपरवाल्याकडे दोन दिवस रोखून पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो पेपर गेटवरूनच फेकून पळाला. राहिले नाना. पण आयुष्यभर डाळमिल चालवलेला हा माणूस बाजारभावापलीकडे काही वाचत नाही. तरी मी खडा टाकून पाहिला.

"नाना, हल्ली कोडंबिडं पाहता की काय?"

"भाऊ, मी तुरीचा भाव पाहतो न् पेपर ठेवून देतो. का बरं?"

"सहज."

नाना इतक्या निरागसपणे बोलले की माझा संशय बळावला. कोजागिरीला हा माणूस सगळ्यांसमोर माझे मार्क वाचून दाखवणार, असं चित्र मला दिसू लागलं. जेवण जाईना.

मग मी सापळा लावला. धुळ्याचा माझा मेहुणा हायस्कुलात मराठी शिकवतो. सकाळी गच्चीवर जाऊन त्याला हळू आवाजात फोन केला आणि वीसच्या वीस उत्तरं उतरवून घेतली. खाली आलो तर जिन्यात बायको उभी.

"कोणाशी कुजबुजत होता?"

"तुझ्या भावाशी."

"माझ्या भावाला तुम्ही आपणहून फोन करणार? खरं सांगा, कोण आहे?"

घरात एक नवीन चौकशी सुरू झाली. पण संध्याकाळी पेपर आला तेव्हा मी तिकडेच धावलो. एकही फुली नव्हती. २०/२०, आणि खाली लिहिलं होतं, 'कोणाचे पाहून लिहिले?'

आता हद्द झाली. दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच मी नानांच्या घरात घुसलो. नाना बाजारात गेले होते. ओसरीवर त्यांच्या आई, अक्का, मांडीवर आमचा पेपर घेऊन बसल्या होत्या. चष्मा नाकावर आणि हातात लाल पेन. या अक्कांना मी दहा वर्षं फक्त डाळ निवडताना पाहिलं होतं. लिहिता-वाचता येत नसेल असं गृहीत धरून मी त्यांच्याशी नेहमी मोठ्याने आणि सावकाश बोलायचो.

"ये रे भो, बस," अक्का म्हणाल्या. "काल कोनं देखीसन लिखं?"

"मेहुण्याचं," माझ्या तोंडून निघून गेलं.

अक्कांचे यजमान भडगावकडे शाळेत मास्तर होते. त्यांना लांबचं दिसे, जवळचं दिसत नसे, म्हणून पोरांच्या परीक्षेचे सगळे पेपर अक्काच तपासत. "बठ्ठा पेपर मन्हा हातखाल गयात," असं अक्का सांगत होत्या आणि मी उभाच होतो. बस म्हटलेलं असूनही मला बसायचा धीर होत नव्हता. शेवटी मी हात जोडले. "अक्का, कोजागिरीपर्यंत कोणाला सांगू नका. माझी अब्रू जाईल."

"जे चुकनं ते दहा येळा लिखी आन," अक्का म्हणाल्या. "मंग मी कोनले सांगस नही."

अक्कांनी शब्द पाळला. इतकंच नाही, माझं कोजागिरीचं कोडं तपासून त्यातल्या नऊ चुकाही काढून दिल्या. स्पर्धा झकास झाली आणि दुधाचा पहिला पेला मला मिळाला. तो पिताना मला लाज वाटली, हे खरं. पण पिऊन टाकला.

शिक्षा मात्र चालूच आहे. रोज दुपारी मी दार लोटून दोनशे पानी वहीत लिहीत बसतो. बायकोचा संशय अजून गेलेला नाही. परवा तिने दार ढकलून विचारलंच, "रोज एवढं काय लिहिता?"

"आत्मचरित्र," मी म्हणालो.

(यात खोटं काही नाही. माझ्याच चुका आहेत, प्रत्येकी दहा वेळा.)