पंपासमोरचं कोरल

घरातल्या माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवायला मी राजारामपुरीतल्या दुकानातनं जिवंत कोरल आणलं. दुकानदार म्हणाला होता, "पंपाच्या धारेत कडक फांद्यांचंच टिकतंय. हे मऊ हाय, आडोशाला ठेवा." पण मला मऊच आवडलं, आणि ते सोफ्यावरनं दिसायला पंपासमोरच हवं होतं. आठवड्यात ते आकसलं. मेलेला माल दिला म्हणून मी भर दुकानात त्याच्यावर ओरडलो, आणि दाखवायला त्याला घरी आणलं.

तेवढ्यात लाईट गेली, पंप थांबला. चहा होईपर्यंत कोरल फुलून तळहाताएवढं पसरलं.

मला मान वर करवेना. बायकोच दुकानदाराला म्हणाली, "ह्यांचा आवाज चढला की आमची पोरगीबी अशीच आकसून बसती."